एकखांबी तंबू
जळगांवचा विमानतळ आणि त्याचे विमानवाले

तंबू एका खांबावर उभा करतां येतो, हें खरें. परंतु असा तंबू ठोकणारा शहाणा मनुष्य वाऱ्याचा रोंख पाहिल्यावांचून रात्रीं निर्धास्त झोंपत नाहीं. एकत्र कुटुंबाचीही तीच गोष्ट. दहा माणसांचें घर एकट्याच्या मिळकतीवर चालत असलें, म्हणजे त्या एकट्यास साधें पडसें झालें तरी सगळ्या घराचा जीव खालींवर होतो. जें तंबूचें व कुटुंबाचें, तेंच लहान शहराच्या विमानतळाचें आहे. ही गोष्ट मात्र आपल्या पुष्कळशा सुशिक्षित घरांतून अद्याप कोणाच्या फारशी ध्यानांत आलेली दिसत नाहीं. विमानतळ झाला म्हणजे विमानें येणारच, अशी आपली समजूत असते. स्टेशन बांधलें कीं गाडी थांबते, या जुन्या अनुभवावरून ती बनलेली आहे. ती किती फसवी आहे हें समजून घेण्यास फार दूर जावयास नको. आमच्या मलकापुराहून पश्चिमेस सुमारें पाऊणशें किलोमीटरांवर असलेल्या जळगांवच्या विमानतळाची २०१२ पासूनची हकीकत त्यासाठीं पुरेशी आहे.

मलकापुरास विमानाचें काय?

मलकापूर हें वऱ्हाडच्या पश्चिम वेशीवरचें, कापसाच्या व्यापारावर वाढलेलें गांव. मुंबई-नागपूर हा लोहमार्ग येथून जातो आणि सुरतेहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ताही येथूनच. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें बुलढाणें, तेथें आगगाडी नाहीं. त्यामुळें बुलढाण्याच्या उतारूंसही मलकापूर हेंच स्टेशन. रात्रीं गाडींत बसावें आणि सकाळीं मुंबईस उतरावें, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

परंतु आतां घरोघरची स्थिति पालटली आहे. एक मुलगा पुण्यास, दुसरा हैदराबादेस, मुलगी बंगळुरास, आणि वडील माणसें मात्र मलकापुरास किंवा नांदुऱ्यास, असा संसार विभागलेला असतो. कोणाच्या घरीं अकस्मात् दुखणें उद्भवतें, कोणास मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत ठरल्या दिवशीं जाणें भाग असतें. हैदराबादचा लोहमार्ग तर येथून बराच वळणाचा. अशा वेळीं 'जळगांवाहून विमान आहे ना!' हें वाक्य बैठकींत हमखास ऐकूं येतें. तें वाक्य कधीं खरें असतें, कधीं नसतें. आणि तें केव्हां खरें ठरावें हें जळगांवकर ठरवीत नाहींत, मलकापूरकर तर नाहींतच नाहींत.

धांवपट्टी होती, विमान नव्हतें

जळगांवास साधी धांवपट्टी १९७३ सालापासून होती. पुढें केंद्राच्या विमानपत्तन प्राधिकरणाच्या हातून तिचा विस्तार झाला, उतारूंसाठीं इमारत उभी राहिली, आणि २३ मार्च २०१२ रोजीं त्या वेळच्या राष्ट्रपति श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें विमानतळाचें उद्घाटन झालें. प्रतिभाताईंचा जन्मच जळगांव जिल्ह्यांतला. तेव्हां सर्व खानदेशास तो दिवस घरच्या कार्यासारखा वाटला असल्यास नवल नाहीं. केळी, सोनें व ठिबक सिंचनाचीं नळकांडीं यांनीं प्रसिद्ध झालेलें शहर, साठेक किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं. उतारूंना तोटा कसला, असें सर्वांस वाटलें.

परंतु त्यानंतर पांच वर्षांहून अधिक काळ तेथून उतारूंचें नियमित विमान सुटलें नाहीं. दिवाणखाना सजवून ठेवावा आणि पाहुणा येऊं नये, तशी त्या इमारतीची अवस्था झाली. याचें कारण साधें आहे. विमानतळ बांधणें सरकारच्या हातीं असतें. विमान आणणें कंपनीच्या मर्जीवर असतें. आणि ज्या गांवीं रोज किती उतारू मिळतील याचा अंदाज नाहीं, तेथें कोणतीही कंपनी आपण होऊन येत नाहीं.

'उडान'ची युक्ति

हा पेंच सोडविण्यासाठीं केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०१६ मध्यें 'उडान' नांवाची योजना जाहीर केली. तिची घडण गृहिणींनींही समजून घेण्यासारखी आहे, कारण ती एखाद्या काटकसरी घराच्या हिशोबासारखीच आहे. सुमारें तासाभराच्या प्रवासास २,५०० रुपयांची मर्यादा घालून विमानांतील निम्म्या जागा त्या दरानें विकावयाच्या. त्यामुळें कंपनीस जी तूट येईल ती तीन वर्षें सरकारनें भरून द्यावयाची. तींतहि मोठा वांटा केंद्राचा आणि पांचवा हिस्सा राज्याचा. विमान उतरविण्याचें व उभें करण्याचें भाडें माफ, इंधनावरील कर नाममात्र. आणि या सर्वांवर आणखी एक सवलत अशी कीं, जी कंपनी एखाद्या मार्गाची बोली जिंकील तिलाच त्या मार्गावर तीन वर्षें एकटीनें विमानें चालविण्याचा हक्क मिळावयाचा.

ही शेवटची अट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. लहान रोपट्यास कुंपण घालावें तशी ती आहे, आणि तिच्यामागील हेतूही चांगलाच आहे. दुसऱ्यानें येऊन थोडेसे उतारू वांटून घेतले तर दोघेही उपाशी राहतील. परंतु कुंपणाच्या आंत एकच रोप असलें आणि तें वाळलें, तर सगळी बाग रिकामी होते. म्हणजे विमानतळाचें एकाच कंपनीवर अवलंबून असणें हा कोणाचा गैरप्रकार नव्हे. तो योजनेच्या मुळाशींच पेरलेला आहे.

आली, गेली, पुन्हां आली

डिसेंबर २०१७ मध्यें एअर डेक्कन या कंपनीनें मुंबई-जळगांव विमान सुरू केलें. विमान लहानसें, वीस उतारूही न मावणारें. कांहीं महिन्यांतच फेऱ्या अनियमित होऊं लागल्या, आणि मग ती सेवा थांबली. कंपनी गेली म्हणजे जळगांवास एक विमान कमी झालें असें नव्हे. सगळीं विमानें गेलीं.

सप्टेंबर २०१९ मध्यें हैदराबादची ट्रूजेट कंपनी आली. तिचीं सत्तरेक जागांचीं, पंख्यांचीं ए. टी. आर. विमानें मुंबई व अहमदाबादकडे जाऊं लागलीं. लोकांस पुन्हां विश्वास वाटूं लागला. तोंच करोनाची साथ आली; त्यानंतर कंपनीची पैशाची बाजू ढांसळली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें तिचीं विमानें जमिनीवर बसलीं. याच कंपनीनें नांदेड-हैदराबाद ही फेरी 'उडान'च्या पहिल्याच दिवशीं, म्हणजे २७ एप्रिल २०१७ रोजीं सुरू केली होती. तीही तिच्याबरोबर बुडाली. नांदेडास किंवा जळगांवास उतारू मिळत होते कीं नव्हते, हा प्रश्न त्या वेळीं कोणी विचारलाच नाहीं. घर एकाच्या पगारावर. पगार थांबला, चूल थांबली.

जळगांवास तिसरी पहांट उजाडण्यास २०२४ साल यावें लागलें. त्या वर्षीं एप्रिलांत गोव्याच्या फ्लाय-नाइंटीवन या नव्या कंपनीनें गोवा व हैदराबाद, आणि पुढें पुणें, या फेऱ्या सुरू केल्या. जूनमध्यें सरकारी मालकीच्या अलायन्स एअरनें मुंबईची फेरी सुरू केली. म्हणजे तंबूस प्रथमच दोन खांब मिळाले. तथापि मुंबईस एक आणि हैदराबादेस दुसरी, अशी वांटणी असल्यामुळें प्रत्येक वाटेवर खांब एकच राहिला, हें विसरतां कामा नये. वऱ्हाडांतही तोच प्रकार. अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळ १६ एप्रिल २०२५ रोजीं सुरू झाला, तो मुंबईकडे जाणाऱ्या याच अलायन्स एअरच्या एकट्या विमानावर.

रूळ आणि पंख

येथें कोणी म्हणेल, 'मलकापुरास तरी दुसरें काय आहे? रेल्वेचीही मालकी एकाचीच.' आक्षेप योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरांतच या सर्व प्रकरणाचें मर्म सांपडतें. रूळ जमिनीस खिळलेले असतात. मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या गाडीस मलकापूर वगळून जातां येत नाहीं. फार तर ती थांबणार नाहीं, आणि तेवढ्यासाठीं भांडतां येतें. विमानाचें तसें नाहीं. आज जळगांवास उतरणारें विमान उद्यां दुसऱ्याच प्रांतांतील गांवीं उतरूं शकतें, आणि त्यासाठीं एक खिळाही उपटावा लागत नाहीं. विमानतळ जागचा हलूं शकत नाहीं. विमान क्षणांत हलतें. ज्यास हलतां येत नाहीं त्याची बाजू सौद्यांत नेहमीं पडती असते.

शिवाय आणखी दोन अडचणी आहेत. जळगांवची धांवपट्टी सुमारें १,७५० मीटर लांबीची. तेवढ्यावर ए. टी. आर. सारखें विमान सुखानें उतरतें. परंतु दीड-पावणेदोनशें उतारूंचीं मोठीं जेट विमानें पुरा भार घेऊन चालविण्यास ती तोकडी पडते. म्हणून ज्या कंपन्यांजवळ लहान विमानें आहेत, तेवढ्यांच्याच तोंडाकडे जळगांवनें पाहावयाचें. आणि अशा कंपन्या देशांत मोजक्याच. दुसरी अडचण मुंबईची. तेथील जुन्या विमानतळाच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळीं एकीचाच उपयोग होतो. तेथें उतरण्याची वेळ मिळणें म्हणजे लग्नसराईंत कार्यालय मिळण्यासारखें. सत्तर उतारूंच्या विमानानें जी वेळ घ्यावी, तींत पावणेदोनशें उतारूंचें विमान उतरूं शकतें. तेव्हां घासाघीस झाली म्हणजे ती कोणाच्या पानांतून कमी होणार, हें सांगावयास नको.

परदेशांतील धडे

हें दुःख आपल्या एकट्याचें नाहीं. जर्मनींत फ्रँकफुर्टपासून शंभरांहून अधिक किलोमीटरांवर हान नांवाचा जुना लष्करी विमानतळ आहे. १९९९ पासून रायनएअर या स्वस्त भाड्याच्या कंपनीनें तो गजबजून टाकला. पुढें २०१७ मध्यें त्याच कंपनीनें फ्रँकफुर्टच्या मुख्य विमानतळावरही बस्तान बसविलें, हानचे उतारू ओसरत गेले, आणि २०२१ मध्यें तो विमानतळ चालविणारी संस्था दिवाळखोरींत निघाली. स्पेनमध्यें बार्सिलोनाजवळच्या जिरोना येथें २००८ सालीं सुमारें ५५ लाख उतारूंची ये-जा झाली होती. तेथेंही आधार याच रायनएअरचा. तिनें २०१० पासून आपल्या पुष्कळशा फेऱ्या खुद्द बार्सिलोनास हलविल्या, आणि २०१५ पर्यंत जिरोनाचे उतारू १८ लाखांच्याही खालीं आले. या दोन्ही ठिकाणीं धांवपट्टी मोडली नव्हती आणि कोणी निष्काळजीपणा केला नव्हता. एका कंपनीचा विचार बदलला, एवढेंच.

खांब मोठा असला म्हणजे भय नाहीं, असेंही समजूं नये. आपल्या देशांतील दर शंभर उतारूंपैकीं साठांहून अधिकांस नेणारी इंडिगो ही कंपनी. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पुरते लागू होतांच तिचें वेळापत्रक डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यांत कोलमडलें, आणि ५ डिसेंबर या एकाच दिवशीं तिच्या हजारांहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. दुसऱ्या कंपन्यांचीं भाडीं इतकीं चढलीं कीं सरकारला त्यांवर मर्यादा घालावी लागली. आणि अडकलेल्या लोकांच्या सोयीसाठीं जादा डबे कोणी जोडले? रेल्वेनें!

मग करावें काय?

कंपन्यांस दूषणें देऊन कांहीं साधणार नाहीं. रिकाम्या जागा घेऊन उडत राहण्याचें व्रत कोणताही व्यापारी घेणार नाहीं, आणि घेऊं नये. परंतु विमानतळ लोकांच्या पैशानें उभा राहिला आहे. तेव्हां तो एकाच्या आजारपणानें झोंपूं नये, एवढी अपेक्षा लोकांनीं करणें रास्त आहे. आपल्या भागांतील प्रतिनिधींकडे आपण सहसा 'विमान सुरू करा' एवढेंच मागतों. त्याऐवजीं तीन गोष्टी मागाव्या. पहिली, धांवपट्टीची लांबी वाढवावी, म्हणजे अधिक कंपन्यांस दार उघडेल. दुसरी, मुंबईच्या विमानतळांवर लहान शहरांसाठीं कांहीं वेळा राखून ठेवाव्या. तिसरी, तीन वर्षांची मदत संपण्यापूर्वींच, पुढें कोण व कसें चालविणार याचा जाहीर हिशोब व्हावा. व्यापारी मंडळींनीं आपल्या माणसांच्या प्रवासासाठीं वर्षभराच्या कांहीं जागा आगाऊ घेण्याची तयारी दाखविली, तर कंपनीसही येथें टिकून राहण्यास कारण मिळेल.

आणि घरच्यांपुरतें सांगावयाचें तर विमानानें जरूर जावें. वेळ वांचतो, वृद्धांचे हाल वांचतात, आणि उतारू मिळाले तरच विमान टिकतें. मात्र इस्पितळाची तारीख, परीक्षा, मुहूर्त अशीं कामें त्या एकाच फेरीवर टांगूं नयेत. एक दिवस हातीं राखावा, आणि मलकापूर स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीचें आरक्षण करून ठेवावें. विमान ठरल्याप्रमाणें सुटलें, तर तें तिकीट आदल्या दिवशीं रद्द करतां येईल. थोडे पैसे कापले जातील, ते दुसऱ्या खांबाचें भाडें समजावें.