प्रयोगशाळेतून सल्लागाराच्या पेढीकडे

आपल्या व्यापारी घराण्यांत आता एक नवे चित्र दिसू लागले आहे. आजोबांनी किराणा वा कापडाचे दुकान काढले, वडिलांनी ते वाढवले आणि नातीने रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली. सत्कार होतो, पेढे वाटले जातात आणि वर्षभरात घरातील वडीलधारे विचारू लागतात, "आता पुढे काय?" प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या, मुदतीच्या शिष्यवृत्त्या दोन-तीन वर्षांच्या आणि वय तिशीला टेकलेले. अशा वेळी मुलगी म्हणते, "मी संशोधन सोडून सल्लागार क्षेत्रात जाते." त्यावर घरात दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली, इतक्या वर्षांचे शिक्षण वाया गेले. दुसरी, सल्ला तर फुकट मिळतो. त्याचे पैसे कोण देणार?

दुसऱ्या शंकेचे उत्तर आपल्याच तालुक्याच्या इतिहासात आहे. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. कोणते उद्योग चालतील, कोणते अटींसह चालतील आणि कोणते मुळीच चालणार नाहीत, याच्या याद्या त्या अधिसूचनेत आल्या. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयासमोर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, म्हणजेच 'नीरी'चा अहवाल होता. 31 ऑक्टोबर 1996 च्या निकालानुसार डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद माजी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षे सांभाळले. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातील गंधकाचे वायू शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याचा आग्रह या प्राधिकरणाने धरला आणि 2007 मध्ये ती कार्यान्वित झाली.

न्यायमूर्ती कायदा जाणत होते. परंतु चिमणीतून बाहेर पडणारा वायू किती, तो कोणत्या दिशेला जातो आणि चिकूच्या वाडीवर त्याचा काय परिणाम होतो, हे सांगण्यास शास्त्रज्ञच लागतात. एका तालुक्याचे भवितव्य शास्त्रीय सल्ल्याच्या आधारे ठरत असेल, तर त्या सल्ल्याला मोल नाही असे कसे म्हणावे?

आता पहिली शंका पाहू. सल्लागाराचा व्यवसाय विज्ञानापासून दूरचा आहे, असा समज आहे. वास्तविक तो विज्ञानाच्याच घरातला. आर्थर डी. लिटल या रसायनतज्ज्ञाने 1886 मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे भागीदारीत पेढी काढली. इतरांच्या कारखान्यांसाठी पदार्थांचे पृथक्करण करून मत देणे, हे तिचे काम. पुढे जगातील आद्य सल्लागार कंपन्यांत तिची गणना झाली. 1926 मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन करणारे जेम्स मॅकिन्सी हे शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवीत. वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला याचे विशेष कौतुक वाटते.

महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण माटुंग्याचे आहे. 1933 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे जुन्या 'यूडीसीटी'त आणि आजच्या 'आयसीटी'त, अध्यापन आणि उद्योगांना सल्ला ही दोन्ही कामे हातात हात घालून चालत आली. प्रा. मनमोहन शर्मा हे जोधपूरचे. केंब्रिजहून 1964 मध्ये डॉक्टरेट घेऊन ते माटुंग्यास आले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. वायू द्रवात शोषला जात असताना रासायनिक क्रिया किती वेगाने होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. वरवर पाहता तो निव्वळ पुस्तकी वाटतो. पण अनेक रासायनिक कारखान्यांत नेमके हेच घडत असते. त्यामुळे अनेक रासायनिक कंपन्यांनी त्यांचा सल्ला घेतला. 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्वाचा मान दिला.  त्यांचे विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी 2025 मध्ये आयसीटीला 151 कोटी रुपयांची देणगी जाहीर केली आणि तिला गुरुदक्षिणा म्हटले. प्रा. शर्मांनी अध्यापन सोडले नाही आणि कारखान्याकडे पाठही फिरवली नाही. विज्ञान तेच राहिले. प्रश्न विचारणारा तेवढा बदलला.

तरीही हा बदल सोपा नाही. प्रयोगशाळेत एका प्रश्नाला चार वर्षे देता येतात; सल्लागाराला चार आठवडे मिळतात. संशोधकाला 'का' याचे उत्तर हवे असते, तर कारखानदाराला 'किती' आणि 'केव्हा' याचे. समजा, तारापूरच्या एखाद्या कारखान्यात द्रावक वाफ होऊन वाया जातो आहे. वाफेचा सिद्धांत मालकाला नको असतो. 24 लाखांची यंत्रणा बसवली, महिन्याला 2 लाख वाचले, म्हणजे वर्षभरात पैसे वसूल, हे वाक्य त्याला कळते. शिवाय शोध लागला तरी तो निबंधात छापता येत नाही. ग्राहकाचे गुपित जपावे लागते. ज्याला स्वतःचे नाव छापून आलेले पाहण्याची ओढ आहे, त्याने याचा आधीच विचार करावा.

शिरण्याची दारे प्रामुख्याने तीन. पहिले, मोठ्या व्यवस्थापन सल्लागार कंपन्या. त्या विज्ञानातील पीएच.डी.धारकांनाही घेतात, मुलाखतीत एखाद्या धंद्याची अडचण समोर ठेवून ती उमेदवार कशी सोडवतो, हे पाहतात. दुसरे, पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास. प्रकल्पांचे असे अहवाल करणाऱ्या संस्थांना 'नॅबेट'ची मान्यता लागते आणि हवा, पाणी, भूजल, जैवविविधता अशा प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ दाखवावा लागतो. तिसरे, स्वतंत्र व्यवसाय. डहाणूच्या एका बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तलासरीपलीकडे वापी, म्हणजे रासायनिक उद्योगांचे दोन मोठे पट्टे आपल्या दाराशी आहेत. संशोधन चालू असतानाच, संस्थेच्या परवानगीने, मार्गदर्शकांच्या एखाद्या सशुल्क औद्योगिक प्रकल्पात काम केले तर हा पिंड आपला आहे की नाही, हे नोकरी सोडण्यापूर्वीच कळते.

स्वतंत्र व्यवसायात हिशेब चोख हवा. किमान वर्षभराच्या घरखर्चाची तरतूद बाजूला असावी. कामाची व्याप्ती, मुदत आणि शुल्काचे टप्पे लेखी असावेत. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. 'उद्यम' नोंदणी अवश्य करावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करण्याचे बंधन 2006 च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. उधारीची वसुली आपल्या घराण्यांना नवी नाही, पीएच.डी. झालेल्या मुलीला ती वडिलांइतकी चांगली कोण शिकवणार?

मात्र या व्यवसायातील खरी कसोटी वेगळीच आहे. पर्यावरणीय अहवालाचे शुल्क प्रकल्पाचा मालकच देतो. प्रकल्प तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या टिकेल का, हे सांगणाऱ्या अहवालाचा खर्चही सामान्यतः कर्ज मागणाऱ्यावरच पडतो. पैसे देणाऱ्याला 'हो' ऐकायचे असते. बँकेतील सेवाकाळात असे पुष्कळ अहवाल माझ्या टेबलावरून गेले. काहींत जुन्याच मजकुरात कंपनीचे नाव तेवढे बदललेले असे. ज्या अहवालांवर विसंबावेसे वाटे, त्यांत एक साम्य होते. विक्री 20 टक्क्यांनी घटली, कच्चा माल महागला किंवा परवाना सहा महिने लांबला, तर कर्जाचा हप्ता भरता येईल का, याचे उत्तर त्यांत स्पष्ट दिलेले असे. प्रयोगशाळेत जो 'माझा निष्कर्ष कुठे चुकू शकतो?' असे विचारायला शिकला, त्यालाच असा अहवाल लिहिता येतो. संशोधनाची वर्षे वाया जात नाहीत, ती याच कारणाने. आणि हाच प्रश्न विचारणे ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी सल्लागार केवळ सही विकणारा उरतो.

सुज्ञ वाचकहो, आपण या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभे आहोत. आपली मुले सल्लागार होत आहेत आणि आपल्या पेढ्या सल्ला विकत घेत आहेत. जमीन घेऊन, यंत्रे मागवून झाल्यावर सल्लागाराला बोलावले, तर त्याच्यापाशी मागण्यासारखे 'हो'खेरीज काय उरते? सल्ला निर्णयाआधी घ्यावा, त्याचे योग्य शुल्क द्यावे आणि उत्तर 'नाही' आले तरी ते बिनतक्रार चुकते करावे. वेळेवर मिळालेल्या नकाराने कित्येक पटींची भांडवली गुंतवणूक वाचते. आपल्या मुलीने दुसऱ्याच्या पेढीवर निर्भयपणे खरे सांगावे असे वाटत असेल, तर आपल्या पेढीवर येणाऱ्या परक्याच्या मुलीलाही ती मुभा असली पाहिजे.