लाभार्थींची यादी आणि संगणकाची स्मृती

निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती आदी योजनांची रक्कम आता थेट लाभार्थींच्या बँक खात्यात जमा होते. त्यासाठी नावे, पत्ते व खातेक्रमांक यांची यादी एका कार्यालयाकडून दुसऱ्या कार्यालयाकडे संगणकाद्वारे जाते. वाटेत ती परक्याच्या हाती पडली तरी वाचता येऊ नये, म्हणून ती कूटबद्ध करतात. यासाठी रूढ असलेली ‘एईएस’ पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. किल्लीवाचून तिची उकल व्यवहारतः अशक्य आहे.

खरा धोका यादी मुक्कामी पोहोचल्यावर संभवतो. पुष्कळदा उकललेली साधी प्रत हार्ड डिस्कवर ठेवून काम झाल्यावर पुसली जाते. परंतु पुसल्याने बहुधा केवळ फाइलची नोंद नाहीशी होते. मूळ मजकूर मागे राहू शकतो व जाणकारास तो परत मिळविता येतो.

यास्तव उकल संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच करणे श्रेयस्कर होय. छोटीशी आज्ञावली कूटबद्ध फाइल वाचते, किल्ली विचारते आणि उकललेला मजकूर डिस्कवर न लिहिता थेट पृथक्करणासाठी पुढे देते.

पृथक्करण म्हणजे प्रत्येक ओळीतील रकाने वेगळे करणे. रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतो. पण “देऊळवाडा, पेडणे” अशा पत्त्यातही तो येतो. असा पत्ता अवतरणचिन्हांत असतो. म्हणून स्वल्पविराम दिसेल तेथे ओळ तोडू नये. ‘पायथन’ भाषेतील ‘सीएसव्ही’ ही तयार सोय वापरावी. खातेक्रमांक संख्या न मानता अक्षरे म्हणूनच वाचावा. अन्यथा ००४५१२ चा ४५१२ होतो आणि वृद्धेचे निवृत्तिवेतन अडून राहते. मराठी नावे शाबूत राहण्यासाठी यादी ‘यूटीएफ-८’ या लिपिसंकेतात असावी.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. किल्ली आज्ञावलीत लिहून ठेवू नये. चूक आढळल्यास ओळीचा केवळ क्रमांक नोंदवावा, मजकूर नव्हे. स्मृती अपुरी पडल्यास संगणक तिचा काही भाग डिस्कवर हलवितो. म्हणून डिस्कही कूटबद्ध असावी.

संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अशा माहितीच्या वाजवी सुरक्षेची तरतूद आहे. नागरिक आपला खातेक्रमांक विश्वासाने देतो. त्या विश्वासाची जपणूक हे प्रत्येक कार्यालयाचे कर्तव्य होय.