ग्वार्दा : गवताची गाडी घरात घेणारं गाव

स्वित्झर्लंडला निघालेली मराठी सहल बहुधा युंगफ्राऊ नाहीतर टिटलिस गाठते. देशाच्या पूर्व टोकाला, एंगाडिन खोऱ्यातलं ग्वार्दा तिच्या वाटेत येत नाही. रेल्वे स्टेशन खाली दरीत आणि गाव वर, १६५३ मीटरवर, उन्हाच्या अंगाला. पोस्टाची पिवळी बस वर नेते. पण पायात बळ असेल तर चढूनच जावं.

१६२२मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेने हे गाव जाळलं. त्यानंतर जी घरं उभी राहिली, तीच आज आपण पाहतो. दिसायला देखणी, पण मुळात शेतकऱ्याची. कमानदार दरवाजा एवढा रुंद की गवताने भरलेली गाडी सरळ आत यावी. आत ‘सुलेर’ नावाची ऐसपैस ओसरी. तिच्यातून गाडी मागच्या कोठारात जायची. बाजूला ‘श्तूवा’, म्हणजे सुगंधी आर्व्ह पाइनच्या फळ्यांनी मढवलेली, घरातली सगळ्यात उबदार खोली. दगडी भिंती जाड, खिडक्या लहान आणि बाहेरच्या बाजूला नरसाळ्यासारख्या पसरट: उजेड भरपूर यावा, ऊब मात्र जाऊ नये. हिवाळ्याचा इतका बारीक विचार आजच्या किती वास्तुविशारदांनी केला असता, कोण जाणे!

भिंतींवरची नक्षी रंगवलेली नाही, कोरलेली आहे. चुना-वाळूच्या करड्या गिलाव्यावर चुन्याचा पांढरा हात द्यायचा आणि ओल आहे तोवर टोकदार हत्याराने वरचा थर खरवडायचा. खालचा करडा उघडा पडतो आणि फुलं, लाटा उमटतात. गिलावा वाळला की खेळ संपला. या कामाला स्ग्राफितो म्हणतात.

गाव आपोआप टिकलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वास्तुविशारद याखेन उलरिख क्योन्त्स यांनी इथली घरं दुरुस्त केली. १९७५मध्ये गावाला वारसाजतनाचा वाकर पुरस्कार मिळाला. क्योन्त्स यांच्या पत्नी सेलिना यांनी लिहिलेलं आणि आलोइस कारिजिएत यांनी चित्रांनी सजवलेलं ‘शेलेन-उर्सली’ १९४५मध्ये आलं. मोठी घंटा मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या मुलाची ती गोष्ट स्विस घराघरांत पोचली.

ती घंटा हवी असते चालांदामार्त्स या १ मार्चच्या सणासाठी. त्या दिवशी पोरं गळ्यात घंटा अडकवून थंडीला हाकलत गावभर हिंडतात. शांततेसाठीच ग्वार्दाला जाणार असाल, तर १ मार्च तेवढा टाळा.