खराटा, खंजिरी आणि आपत्ती

यवतमाळहून वर्ध्याकडे जाताना लागणारे कळंब हे तालुक्याचे गाव चिंतामणी गणेशासाठी विदर्भभर ओळखले जाते. येथील मंदिराचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून, कुंडातील पाणी काही वर्षांनी आपोआप चढते, मूर्तीच्या पायांना लागते आणि ओसरते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. शिवारातले पाणी मात्र असे पायाशी येऊन परत फिरत नाही. कपाशीच्या या काळ्या मातीच्या मुलखात अतिवृष्टी झाली, की नाल्याकाठची जमीन ‘खरडून जाते’, म्हणजे वरचा सुपीक थरच वाहून जातो, आणि पंचनाम्याच्या कागदावर एका ओळीत मावणारे ते नुकसान शेतकऱ्याच्या घरात पुढची कित्येक वर्षे पुरते. अशा वेळी पहिल्या तासाला धावून येतो तो शेजारी. या शेजारधर्माला सेवेची शिस्त लावण्याचे काम वऱ्हाडात विसाव्या शतकातील दोन संतांनी केले.

त्यांपैकी संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरताच खराटा हाती घेत, दिवसभर रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या. परंतु गुरुपद नाकारून कोणालाही शिष्य न मानणाऱ्या या पुरुषाने गावोगाव शाखा असलेली संघटना बांधली नाही, किंबहुना तो त्यांचा पिंडच नव्हता.

संघटनेची ती बाजू राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) सांभाळली. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांना गुरू मानणाऱ्या तुकडोजींनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला, आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा पुढे खेडोपाडी पसरल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त ‘सेवासामर्थ्य’, ‘संघटनशक्ती’, ‘ग्रामरक्षण’ अशी प्रकरणे आहेत, आणि ती पाहता मदतकार्य हा त्यांच्या लेखी प्रासंगिक परोपकार नसून ग्रामव्यवस्थेचा भाग होता, हे ध्यानात येते.

या व्यवस्थेचे मर्म मोठ्या मेळाव्यांपेक्षा ‘रामधून’ या साध्या उपक्रमात अधिक सापडते. रामधून म्हणजे पहाटेच्या सामुदायिक ध्यानानंतर निघणारी गावफेरी. तिच्यासाठी गल्ल्या झाडल्या जातात, अंगणात सडा पडतो, दारात रांगोळी उमटते, आणि भगव्या टोप्या घातलेली माणसे ओळीने भजन म्हणत वस्तीतून फिरतात. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत मूर्ती नसते. ‘अधिष्ठान’ म्हणून एक आसन मांडलेले असते व त्यापुढे सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र बसावे, अशी अपेक्षा असते. गावाच्या प्रत्येक गल्लीतून असे नेमाने फिरणाऱ्याला कोणत्या घराची भिंत फुगली आहे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे विचारावे लागत नाही; बचावकार्याला सर्वांत आधी लागणारी ही माहिती कोणत्याही सरकारी यादीपेक्षा अशा पायांना अधिक ठाऊक असते.

तुकडोजींच्या चरित्रपर नोंदींत बंगालच्या दुष्काळातील आणि कोयना भूकंपातील मदतीचा आवर्जून उल्लेख येतो. मात्र या नोंदींतील साले जपूनच वापरावी लागतात. बंगालचा दुष्काळ १९४३ चा असताना काही ठिकाणी १९४५ हे वर्ष दिलेले आढळते, तर कोयनानगर उद्ध्वस्त करणारा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला असताना १९६२ असे साल छापले जाते. १९६७ हेच वर्ष धरले, तर कोयनेचे हे कार्य त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरच्या टप्प्यावर येते, कारण त्यानंतर १० महिन्यांनी, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, त्यांचे निधन झाले. केलेल्या सेवेचा हिशेब ठेवू नये हा भाव उदात्त असला, तरी किती माणसे गेली, काय घेऊन गेली, किती दिवस राहिली, याची वही नसल्यामुळे पुढच्या पिढीच्या हाती गौरव उरतो आणि अनुभव निसटतो.

भक्तिभावाला तंत्राची जोड लागते, हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखवून दिले. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेथे हातमोजे, मुखपट्टी आणि तातडीच्या उपचाराचे ज्ञान हवे होते. जुलै २०२३ मध्ये याच जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि ४५ लोक अडकले, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागावी लागली. असे तंत्र शिकवण्याची सोय आता आहे. मुंबईत डॉ. अनिरुद्ध जोशी यांच्या प्रेरणेने चालणारी आपत्ती व्यवस्थापन अकादमी भाविकांना रीतसर प्रशिक्षण देते, आणि २०१६ पासून केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना गावपातळीवरील स्वयंसेवकांना शोध, बचाव व प्रथमोपचार शिकवते. रामधुनीतल्या तरुणांपर्यंत हे प्रशिक्षण पोहोचवणे मुळीच अवघड नाही, कारण एकत्र जमण्याची वेळ, जागा आणि सवय तेथे आधीच तयार आहे.

ही सवय किती खोल रुजली आहे, ते दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात दिसते. महाराजांच्या निर्वाणाची ४ वाजून ५८ मिनिटांची वेळ होताच मोझरीत जमलेला लाखोंचा समुदाय बसल्या जागी मौन धरतो, आणि मौन संपले, की पुन्हा भजनाची खंजिरी वाजू लागते.