चिमणीचे घर उन्हाळ्यात टिकेल का?

कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून गेले आणि चिमणीचे मेणाचे घर टिकले, ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. 'पक्षी कधी बोलतात का? असल्या खोट्या गोष्टी मुलांना सांगू नयेत,' असे काही जण म्हणतात. पण जरा विचार करा. शेणात न पचलेल्या गवताचे तंतू असतात. ते पाणी शोषून फुगतात व सुटे होतात. मेण पाणी शोषत नाही. थेंब त्यावरून ओघळून जातो. पक्ष्यांचे बोलणे काल्पनिक, पण पदार्थांचे गुणधर्म खरे!

आता पावसाऐवजी वैशाखाचे कडक ऊन पडले असते तर? मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते; पण त्याच्या बरेच आधी ते मऊ पडते. मग कोणी कोणाचे दार ठोठावले असते?

'असे झाले असते तर?' हा प्रश्न मूल गोष्टी ऐकताना विचारू लागते. प्रयोगाची सुरुवातही याच प्रश्नाने होते. म्हणून धाकट्या भावंडांना गोष्टी जरूर सांगा; आणि त्यांनी मध्येच प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प बसवू नका.