हॅरी पॉटरच्या आधीची मराठी जादू

भिलाईत आमच्या शेजारची पोरगी सध्या हॅरी पॉटरमध्ये बुडालीय. तिची आजी कुरकुरते, "काय ते जादूटोण्याचं काळंबेरं वाचतेस!"

मला जुन्या कादंबऱ्यांचा नाद, म्हणून सांगतो. ही कुरकुर मराठीत दीडशे वर्षांची आहे.

तिकडे इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी गादीवर होती, तेव्हा आपल्याकडे अद्भुत कादंबऱ्यांची चलती होती. १८६१ मध्ये हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. हिच्यात तर चक्क विमान उडतं! खास मुलांसाठी लिहिलेली नव्हे, पण आज ही मुलांनाच जास्त आवडेल असं मला वाटतं.

खरी गंमत प्रस्तावनेत आहे. रिसबूड बेधडक लिहितात की, आपल्या रोजच्या जगण्यात रंगवून सांगावं असं काही घडतच नाही, मग करमणुकीसाठी अद्भुताकडे वळावंच लागतं. इतका प्रामाणिक लेखक विरळा.

सगळ्यांना हे थोडंच पटणार? १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे कादंबरी) आणि नाटक यांवर निबंध लिहून अशा असंभाव्य गोष्टींवर टीका केली. पुढे १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' आली आणि कादंबरी घरातल्या माणसांकडे वळली.

पण जादू संपली नाही. १८८८ मध्ये हिंदीत 'चंद्रकांता' ही अशीच अद्भुत कादंबरी आली. आमच्या छत्तीसगढात तिचं नाव कुणाला नवं नाही.

तुमच्या घरी अशी जुनी पुस्तकं आहेत का?