कापसाचा पैसा आषाढापर्यंत

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातले, मुंबई-नागपूर महामार्गावरचे गाव. हा सारा मुलूख कापूस-सोयाबीनचा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की आपल्या मायबहिणींच्या हाती किलोवर मोजलेली मजुरी येते. घरातली दोन-तीन माणसे वेचायला गेली तर चार पैसे बऱ्यापैकी जमतात. दोन-अडीच महिने घर हसरे असते.

मग येतो आषाढ. पाऊस लागून राहिला की हाताला काम नाही. नेमकी तेव्हाच शाळा उघडलेली असते, वह्या-दप्तर लागते, घरात कोणी तापाने पडते. मग सुरू होते उसनवारी.

‘पोटाला पुरत नाही, बचत कुठून करायची?’ हा प्रश्न आम्ही नेहमी ऐकतो. तो खोटा नाही. पण मजुराची अडचण फक्त कमी मिळकतीची नाही, असे आम्हाला वाटते. मिळकत एका हंगामात येते आणि गरज दुसऱ्या हंगामात उभी राहते. मजुराची बचत म्हणजे श्रीमंत होणे नव्हे. कार्तिकातला पैसा आषाढापर्यंत पोहोचवणे, एवढीच ती आहे.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार वाटे सांगितले होते. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. रोजंदारीवरच्या माणसाने हे माप जसेच्या तसे लावले तर त्याची चूल पेटायची नाही, हे आम्ही जाणतो. चौथाई नाही, तर विसावा भाग ठेवा. पण तो मजुरी हाती पडल्या दिवशीच बाजूला काढा. उरलेले ठेवू म्हणाल तर काहीच उरत नाही. कोलिय कुळातल्या दीघजाणूला तथागतांनी तळ्याचा दाखलाही दिला. तळ्यात पाणी येण्याच्या वाटा बंद आणि जाण्याच्या उघड्या असल्या, की पाऊस नसताना तळे आटणारच. जाण्याच्या वाटांत त्यांनी दारू, जुगार आणि वाईट संगत मोजली आहे.

आपल्या घरातल्या वाटा कोणत्या? पुडीचेच पाहा. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. समजा दिवसाला 20 रुपये त्यात गेले, तर वर्षाचे 7,300 होतात. दोन लेकरांचे दप्तर, वह्या, गणवेश त्यातून निघतात. दारूचा हिशेब आम्ही मांडत नाही. तो प्रत्येक घरातल्या बाईला पाठ आहे.

दुसरी मोठी वाट लग्नाची. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक कुवत येईपर्यंत मुलांवर लादू नका. बौद्ध पद्धतीच्या विधीला खर्च तो किती? त्रिशरण, पंचशील, पुष्पमाला. कर्ज होते ते मंडप, डीजे आणि पंगतीपायी. जयंतीची वर्गणी आणि दीक्षाभूमीचा प्रवासखर्चही ऐनवेळी उसना काढू नये. त्या तारखा तर आपल्याला वर्षभर आधी ठाऊक असतात.

इथे बहिणींना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. हल्ली दोन प्रकारच्या गटांना लोक ‘गट’च म्हणतात. बचत गटात बाया आधी स्वतःचे पैसे साठवतात, त्यातून एकमेकींना कर्ज देतात आणि व्याज गटातच राहते. 1992 साली नाबार्डने असे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तो पुढे वाढला. दुसरा गट कर्जवाटप करणाऱ्या कंपनीचा. त्यात साठवण नसते. कर्ज आधी आणि हप्ता दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, मग काम असो नसो. एकीचा हप्ता थकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात. शेजारपण तुटते ते वेगळेच. सही करण्याआधी विचारा, हा गट कोणता?

पोस्टाच्या आवर्ती ठेवीत दर महिन्याला ठरलेली रक्कम भरावी लागते. हंगामी मजुराला ते जड जाते, हप्ते चुकतात. त्यापेक्षा साधे बचत खाते बरे. ते 500 रुपयांत उघडते. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर 2015 साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आपल्या सोयीची आहे. वर्षाला किमान 250 रुपये भरावे लागतात आणि ते वर्षात केव्हाही भरता येतात. म्हणजे वेचणीच्या दिवसांत भरले तरी चालते. भरणा पंधरा वर्षे, मुदत एकवीस वर्षे. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

पौर्णिमेला बाया विहारात वंदनेला जमतातच. कार्तिक पौर्णिमेला वेचणी ऐन भरात असते. वंदना झाल्यावर तिथेच वही उघडावी, प्रत्येकीने जमेल ती रक्कम लिहून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून ती बँकेत किंवा पोस्टात भरून यावी. वही मात्र शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीकडे द्यावी. तिचा हिशेबही पक्का होईल.